जगावे म्हणून ठेवलेली नावे

(दृश्य: गावातील जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. एकेका नावावरून सरकणारे बोट.)

धोंडू, दगडू, केरबा, भिकू. जुन्या शाळांच्या रजिस्टरांत ही नावे वारंवार भेटतात, आणि ती भीतीपोटी ठेवलेली असत. आधीची दोन-तीन मुले दगावलेल्या घरात पुन्हा पाळणा हलला, की या बाळावर काळाची नजर पडू नये म्हणून त्याला दगडाधोंड्याचे किंवा केरकचऱ्याचे नाव देत. पाचांतली दोन-तीन हाती लागतील, असा हिशेब जेथे आईबापांना मनाशी मांडावा लागे, तेथे त्यांनी पाच-सहा मुले होऊ दिली याला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

1911 च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे 25.21 कोटी होती आणि 1921 मध्ये ती 25.13 कोटी भरली. दहा वर्षे घरोघर बारशी झाली, तरी माणसे वाढली नाहीत, कारण जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही हजारी पंचेचाळीसच्या वर होते आणि 1918 मध्ये मुंबई बंदरातून देशभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाने एक कोटीहून अधिक बळी घेतले होते. याच 1921 साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यांच्या वडिलांचे नावही धोंडो होते.

पुढे आधी मृत्युदर उतरला. देवीची लस, दुष्काळातील मदत आणि 1953 पासूनची हिवतापविरोधी मोहीम हे सर्व सरकारी यंत्रणेच्या हातून काही वर्षांत होण्यासारखे होते, पण आईबापांच्या मनातील हिशेब तितक्या झटपट बदलणारा नव्हता. सरकारने 1952 मध्येच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तरी 1951 मध्ये 36 कोटी असलेला देश 1981 मध्ये 68 कोटींवर गेला. जन्म वाढल्यामुळे हे घडले, असा समज अजूनही आढळतो. वस्तुतः जन्मलेली मुले जगू लागली होती.

(दृश्य: गडचिरोलीतील एक झोपडी. बाळाच्या छातीकडे एकटक पाहणारी आरोग्यदूत.)

मूल जगेल हा भरवसा कसा तयार होतो, ते डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामात जवळून पाहता येते. श्वास मोजण्यासाठी तेथे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पट्टी वापरली गेली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया झाला आहे असे समजायचे. त्यासाठी मोठे आकडे मोजता येण्याची गरज नव्हती. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्या घरात बाळ हमखास जगते, त्या घरात दोनांवर थांबण्याचे धैर्य येते. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय आणि शहरातील दोन खोल्यांचा संसार यांचीही त्याला जोड मिळाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात एका स्त्रीमागे सरासरी 2.0 आणि महाराष्ट्रात 1.7 मुले होतात, म्हणजे लोकसंख्या कायम राखण्यास लागणाऱ्या 2.1 पेक्षाही कमी.

मात्र कुटुंब आटले, तरी मुलाचा हव्यास आटला नाही. पूर्वी मुलगा होईपर्यंत पाळणा थांबत नसे. आता दोनच मुले हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, असे झाल्यावर सोनोग्राफीच्या यंत्राचा गैरवापर झाला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला होता, तरीही 2011 मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली उरल्या होत्या.

(दृश्य: सातारा. ओळीत उभ्या असलेल्या मुली.)

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींचे नामांतर करण्यात आले. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, म्हणून त्यांचे नाव नकुसा, म्हणजे नकोशी, असे ठेवले गेले होते. त्यांतील काही मुलींनी आपले नवे नाव स्वतः निवडले.