पाहुणचाराला जमीन लागते

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय पाहुणचार. बडोद्यातल्या मराठी घरांना हा विषय शिकवायला कुणी जाऊ नये. दारात माणूस दिसला की आधी पाणी, मग चहा, आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत घरातलं कुणीतरी डबा घेऊन शेवउसळ आणायला निघालेलं असतं. पाहुण्याने ‘राहू द्या हो’ म्हणायचं असतं आणि यजमानाने ते ऐकायचं नसतं. ख्रिस्ती घरांत तर त्याला शास्त्राचाही आधार आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितलंय की पाहुणचार विसरू नका. तो करता करता काहींनी नकळत देवदूतांना जेवू घातलं.

हे वाचताना आठवतात ते अब्राहाम आणि सारा. उत्पत्तीचा अठरावा अध्याय. मम्रेच्या एलोन राईत भर उन्हाच्या वेळी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय, समोर तीन अनोळखी माणसं दिसतात, आणि हा म्हातारा धावत त्यांना सामोरा जातो. या प्रसंगावर मी पुष्कळ उपदेश ऐकलेत. त्याची लगबग, त्याची नम्रता, साराचं हसणं, सगळं त्यांत येतं. पण त्याने त्या तिघांना नेमकं दिलं काय, तिकडे फारसं कुणी बघत नाही. पाय धुवायला पाणी दिलं. बसायला झाडाची सावली दिली. तीन मापं सपीठाच्या भाकरी, कोवळं वासरू, दही आणि दूध. पाहुण्यांना त्याने तंबूत नेलंच नाही. झाडाखाली बसवलं, आणि ते जेवेस्तोवर आपणही त्याच झाडाखाली उभा राहिला. अर्धाअधिक पाहुणचार त्या राईनेच केला म्हणा ना.

पाय धुवायला पाणी द्यायचं तर आधी पायांवर घालण्याजोगं पाणी पाहिजे. आपल्या विश्वामित्री नदीत तांब्या बुडवून ते पाणी पाहुण्याच्या पायांवर घालायची आज कुणाची छाती आहे?

आता बडोद्याचीच एक गोष्ट. ती पुष्कळांना ठाऊक आहे, पण आम्ही ख्रिस्ती मंडळी ती पूर्ण सांगत नाही. 1917 साल. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगून गेले. शहरात बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितलं, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. बाबासाहेबांनी आठवणींत लिहिलंय की ते जोडपं मूळचं ब्राह्मण घरातलं. धर्मांतरानंतर नवरा विचारांनी मोकळा झाला होता, बायको मात्र जुन्याच रीतीची राहिली होती, अस्पृश्याला घरात घ्यायला ती तयार झाली नसती. ते काय समजायचं ते समजले.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास त्यांनी कमाटीबागेत काढले, आठ वाजेपर्यंत. कुठल्या झाडाखाली बसले ते लोक आजही सांगतात. अस्पृश्यता संपवायचा संकल्प त्यांनी त्या दिवशी तिथेच केला, म्हणून तिथे संकल्पभूमी आहे, आणि दर 23 सप्टेंबरला माणसं लांबलांबून येतात.

या प्रसंगात येशूचं नाव घेणाऱ्या घराचं दार उघडलं नाही आणि बागेचं फाटक उघडं होतं. ते उघडं का होतं? कारण सयाजीरावांच्या कारकिर्दीत, 1879 साली, विश्वामित्रीच्या काठची शंभर एकरांहून जास्त जमीन सगळ्यांसाठी म्हणून राखून ठेवली गेली होती. ती तेव्हा भूखंड पाडून विकली असती, तर त्या दिवशी त्यांनी बसायचं कुठे?

मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. ज्याला माणसांची दारं बंद होतात, त्याला उघड्यावरची जागा उरते: झाड, पार, पाणपोई, नदीचा काठ. ती जागा राखणं, तिथलं पाणी पिण्याजोगं आणि सावली बसण्याजोगी ठेवणं, हे पर्यावरण खात्याचं काम असेल तेव्हा असेल. माझ्या लेखी ते आधी पाहुणचाराचं काम आहे. दाहोद, छोटाउदेपूरकडून बांधकामावर आलेली कुटुंबं आपण रोज बघतो. मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, साइटशेजारच्या कडुलिंबाच्या फांदीला जुन्या साडीची झोळी बांधलेली असते. आत मूल, आणि झोळीला बांधलेली सुतळी पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या हातात. ती विटांच्या ढिगावर बसून मधूनमधून झोका देते. त्या बाळाला या शहराने दिलेला पाहुणचार म्हणजे ती फांदी. पार्किंगसाठी आपण तीही उतरवतो. उतरवताना कुणाच्या मनात पाप नसतं, तेही खरं.

एक प्रश्न येतो. यजमान कोण? आपण? लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलाला सांगतो की जमीन कायमची विकू नका. जमीन माझी, तुम्ही माझ्याकडे राहणारे उपरे. म्हणजे सातबाऱ्यावर कुणाचंही नाव असो, आपण इथे पाहुणेच, आणि दुसऱ्या पाहुण्यांची सोय बघायची जबाबदारी आपल्यावर टाकलेली. बडोद्याच्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. पिलाजीराव गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज आले त्याला तीनशे वर्षं होत आली, तरी पुण्याचे नातेवाईक ‘तुमच्या गुजरातेत’ म्हणतात आणि शेजारचे काका ‘तमारा महाराष्ट्रमां’. उपरेपण आपल्या अंगवळणी पडलंय. अब्राहामाचंही तसंच होतं. पलिष्ट्यांच्या देशात तो परका म्हणून राहिला आणि तिथे, बैर-शेबा इथे, त्याने एशेल झाड लावलं. स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या मुलखात, त्या वयात, झाड! सावली कुणाला मिळणार, हा हिशेब त्याने केलेला दिसत नाही.

आता काही श्रोते म्हणतील की पृथ्वीवर सत्ता चालवा हेही तुमच्याच शास्त्रात लिहिलंय. लिहिलंय. लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने 1967 साली याच मुद्द्यावर लेख लिहून निसर्गाच्या नासाडीचा मोठा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर ठेवला होता. आपल्याकडचे काही लोक त्यावर अजून चिडतात. मला वाटतं, त्यात तथ्य होतं. त्याच लेखात त्याने असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा संत माना असंही सुचवलं, आणि 1979 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीरही केलं. टीकाकाराचं ऐकलं की असंही होतं. 1 सप्टेंबर ते फ्रान्सिसचा सण 4 ऑक्टोबर, हा काळ आता जगभरच्या पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. 23 सप्टेंबरची कमाटीबाग नेमकी याच दिवसांत येते. बडोद्यातल्या मंडळ्यांनी हे दोन्ही एकत्र आणावं असं मला फार वाटतं.

पाहुण्यांच्या यादीत फक्त माणसं नाहीत, हे मात्र सांगायला हवं. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षाचा नियम आहे. त्या वर्षी शेत पडीक ठेवायचं. जे आपोआप उगवेल ते गरिबांनी खावं, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. जनावरांचं पान देवाने मांडलेलं आहे. आणि बडोद्यात जनावर म्हटलं की मगर आलीच. भर शहरातल्या नदीत शेकडो मगरी असलेलं दुसरं शहर दाखवा.

मगर अंडी कुठे घालते माहीत आहे? काठाच्या मातीत. उन्हाळा लागता लागता मादी उतारावर खड्डा करते, अंडी घालते, वरून माती लोटते, आणि दोनेक महिने आसपास राहते. पावसाळ्याच्या तोंडाशी पिलं अंड्याच्या आतूनच आवाज देतात. तो ऐकून ती माती उकरते आणि त्या एवढ्याशा पिलांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याला आपण भितो, त्याच जबड्यात. काठाला काँक्रीट केलं की तिला उकरायला माती उरत नाही.

ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीने 35 फुटांच्या वर मजल मारली. छातीभर पाण्यात ज्याचा संसार भिजला, त्याला मगरीच्या अंड्यांचं कौतुक सांगायला जाऊ नये, त्याला आधी कोरडे कपडे आणि गरम जेवण द्यावं. त्या दिवसांत शहराने ते दिलंही. गच्चीवर अडकलेल्यांना खिचडीची पाकिटं पोचवताना कुणी जातधर्म विचारला नाही. मगरी सोसायट्यांत शिरल्या, वनखात्याच्या आणि स्वयंसेवकांच्या माणसांनी त्या धरून परत सोडल्या. पण पाणी एवढं का चढलं? पावागढकडून येणाऱ्या या नदीच्या दोन्ही बाजूंना कोतरं, म्हणजे घळी, आहेत, पूर आला की पाणी त्यांत पसरायचं. शहरातून कांस, म्हणजे नाले, वाहत होत्या, पावसाचं पाणी त्यांतून नदीला मिळायचं. कोतरांत आपण भराव टाकला, कांस अरुंद केल्या, तळी बुजवून प्लॉट पाडले. पाण्याची पाहुण्यासारखी सोय केली असती, तर ते चोरासारखं घरात शिरलं नसतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2021 साली नदीचा पूरपट्टा आणि कोतरं जपायला सांगितलं होतं. पुरानंतर पात्र रुंद आणि खोल करायची कामं निघाली. यंत्र कुठे चालतंय, भराव कुठे पडतोय, यावर लक्ष ठेवणं हे नागरिक म्हणून आपलं काम आहे. रविवारी तासभर गुडघे टेकणाऱ्याने ते करू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

आता आपल्या अंगणाकडे. प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला, आपण काय करतो? 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आली, तेव्हा आपण कागदी ताटल्या आणल्या, आतून प्लास्टिकचं चकचकीत अस्तर लावलेल्या. बाटल्या आल्या, दोन घोट घेऊन टेबलाखाली सोडलेल्या. इथून पूर्वेला पळसाची रानं आहेत; त्या पानांच्या पत्रावळी, द्रोण लावणारी आदिवासी कुटुंबं आहेत. पत्रावळीत आमटी गळते अशी तक्रार मी ऐकली आहे. भात आधी वाढला की गळत नाही. पाण्यासाठी दोन माठ आणि घासलेले पेले. पेले घासायला तरुण संघाला लावा, त्यांना चालतं. कंटाळा आपल्यालाच असतो.

आणि शेवटी पेव्हर ब्लॉक. देवळाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, आवारात चिखल नको म्हणून आपण ते बसवले, आणि बसवणाऱ्याने ते थेट कडुलिंबाच्या बुंध्याला भिडवले. मुळांना हवा नाही, पाणी नाही. पावसाचं सगळं पाणी रस्त्यावर, तिथून कांसेत. दिल्लीतल्या झाडांसाठी हरित लवादाने 2013 सालीच सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटर सिमेंट नको. आपणही तेवढंच करायचं. पहार घेऊन एक गवंडी आला तरी झाडाभोवतीचे ब्लॉक निघतात, आळं करून पाला टाकता येतो, आळ्याच्या कडेला वाटसरूला टेकायला ओटा बांधता येतो, फाटक दिवसा उघडं ठेवता येतं. कमिटीत हा विषय निघाला की दोन-तीन गाड्यांची जागा जाते, असं कुणीतरी म्हणणारच. जाते. त्या गाड्या रस्त्यापलीकडे लावाव्यात, उपासना संपेपर्यंत तिथून त्या कुणी नेत नाही.

नमस्कार.