प्रत्येकाच्या हाताला एक काम

श्रोतेहो, नमस्कार.

कॅथलिक प्राथमिक शाळा म्हटलं की फादर, सिस्टर, गणवेश आणि सकाळची प्रार्थना एवढं चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. आज त्या चित्राच्या थोडं आत जाऊ या. चार-पाच वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची मुलं अशा शाळेत एकमेकांना धरून कशी राहतात, आणि तसं राहता राहता काय शिकतात, हे पाहू. आमचा अनुभव सांगतो की प्रत्येक मुलाच्या हाताला एखादं खरं काम दिलं, आणि ते नीट शिकायला वेळ दिला, की शाळेत आपलेपणा येतो. काम मात्र खरं हवं. मुलाने ते केलं नाही तर कोणाचं तरी अडलं पाहिजे.

ही समज जुनी आहे. जोसेफ कालासान्झ या धर्मगुरूंनी 1597 साली रोममध्ये गरीब मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी मुलांना एकेकट्याने न शिकवता वर्ग करून शिकवायला सुरुवात केली, आणि वाचन लॅटिनऐवजी आधी मुलांच्या भाषेत शिकवलं. त्यांच्या शाळांची कार्यपुस्तिका त्यांच्या निधनानंतर, 1720 साली छापली गेली. तिच्यात मुलांकडे सोपवायच्या कामांची यादीच आहे. प्रार्थना सांगणारा, घंटा वाजवणारा, कागद वाटणारा आणि गोळा करणारा, वर्ग झाडणारा, दार सांभाळणारा. शाळेची किल्लीसुद्धा एका मुलाकडे असायची. त्याला उशीर झाला की सगळी शाळा बाहेर उभी! खरं काम म्हणतो ते हे.

आता आजच्या शाळेकडे येऊ, आणि शाळेच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेची, तयारी जरा जवळून पाहू. वाचन, लेखन, संगीत, शिस्त, श्रद्धा आणि एकमेकांची काळजी या सगळ्या गोष्टी तिथे एकाच वेळी कामाला लागतात.

मुलांबरोबर मिस्सा कशी करावी याबद्दल व्हॅटिकनने 1 नोव्हेंबर 1973 रोजी मार्गदर्शिका काढली. ती फार व्यवहारी आहे. मुलांना झेपत नसतील तर वाचनं कमी करा, पण शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या जीवनकथेचं, वाचन कधीही गाळू नका, असं ती सांगते. बायबलचा मजकूर सोपा करून आपल्या शब्दांत सांगण्यापेक्षा मुलांना पेलेल असा उतारा निवडा, असंही सांगते. आणि मुलांसाठी रोज मिस्सा ठेवण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवा, म्हणजे कंटाळा येत नाही आणि तयारीला वेळ मिळतो, हेही तिच्यात आहे. हा शेवटचा सल्ला अनेक शाळा विसरतात. घाईघाईने उरकलेल्या चार मिस्सांपेक्षा नीट तयारीची एक बरी.

मिस्सा शुक्रवारी असेल तर उतारा सोमवारीच मुलाच्या हातात पडायला हवा. तो पुस्तकातून झेरॉक्स करून देऊ नका. मोठ्या अक्षरांत, अठरा-वीस पॉइंटमध्ये टाइप करा आणि ओळ अर्थाप्रमाणे तोडा. म्हणजे जिथे श्वास घ्यायचा तिथेच ओळ संपते. गावांची आणि माणसांची नावं पहिल्याच दिवशी तीनदा मोठ्याने म्हणवून घ्या, कारण मूल अडखळतं ते बहुतेक नावावरच, आणि एकदा अडखळलं की पुढची तीन वाक्यं धावत सुटतात. मंगळवारी उताऱ्याचा अर्थ विचारा: कोण बोलतंय, कोणाशी, रागाने की समजुतीने? ज्या मुलाला अर्थ कळला त्याला ‘हावभाव आण’ असं सांगावं लागत नाही.

बुधवारची किंवा गुरुवारची तालीम चर्चमध्येच घ्या. वर्गातली तालीम इथे पुरत नाही. उंच छताखाली आवाज घुमतो आणि एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो. म्हणून शेवटच्या बाकावर एक मूल बसवा आणि ऐकू आलं तर हात वर करायला सांगा. वाचणाऱ्याला तो हात दिसला की वेग आपोआप बसतो. वाचनपीठ मोठ्यांच्या उंचीचं असतं, तेव्हा मागे एक भक्कम, न डुगडुगणारी पायरी ठेवा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा आणि तो आधी कोणी तरी मोठ्याने बसवून ठेवावा.

चुका ठरलेल्या असतात. कागदावर वर लिहिलेलं ‘पहिलं वाचन’ हे शीर्षक मूल मोठ्याने वाचतं. शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच ‘हा प्रभूचा शब्द’ म्हणून टाकतं, आणि लोकांचं ‘देवाला धन्यवाद’ येण्याआधी पायरी उतरलेलंही असतं. उपाय सोपा आहे. शेवटच्या वाक्यानंतर मनात तीन आकडे मोजायचे, मान वर करायची, मग बोलायचं आणि उत्तर पूर्ण ऐकूनच हलायचं. प्रत्येक वाचनासाठी एक राखीव मूलही तयार ठेवा. त्या दिवशी कोणाला ताप येईल हे सांगता येत नाही, आणि राखीव मुलाची तयारी वाया जात नाही, पुढची पाळी त्याची.

मिस्सेत सगळ्यांच्या वतीने म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या प्रार्थना मुलांनीच लिहाव्यात. क्रम ठरलेला आहे: ख्रिस्तसभेसाठी म्हणजे सगळ्या चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि जगासाठी, दुःखात असलेल्यांसाठी, मग आपल्या समाजासाठी. पहिला मसुदा बहुधा ‘मला परीक्षेत चांगले गुण मिळू देत’ असा येतो. तो खोडू नका. ‘ही प्रार्थना आणखी कोणाकोणाच्या उपयोगी पडेल?’ एवढंच विचारा. मूल स्वतःच ‘परीक्षेची भीती वाटणाऱ्या सगळ्यांसाठी’ असं लिहितं. भाषेचा आणि परोपकाराचा धडा त्या एका दुरुस्तीत होऊन जातो.

अर्पणाच्या मिरवणुकीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. भाकर, द्राक्षारस आणि गरजूंसाठी जमवलेल्या वस्तू, बस. फुटबॉल, चित्रं, वह्या वेदीपाशी न्यायच्या आणि मिस्सा संपल्यावर परत आणायच्या, याला अर्पण कसं म्हणायचं? दिलेली वस्तू परत घेत नाहीत, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं.

गाण्यांचं थोडक्यात: एका मिस्सेत नवं गाणं फार तर एकच, आणि पट्टी मुलांच्या गळ्याला बसणारी. मोठ्या पुरुषाच्या सोयीने सुरुवात केली की मुलांचा आवाज खाली अडकतो, आणि मग ती गातच नाहीत. शांततेचीही तालीम लागते. कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकर घेतल्यावर, अर्धा मिनिट गप्प बसायचं तर वर्गात आधी दहा सेकंद, मग वीस, मग तीस असं चढत जावं.

मिस्सेला आलेली सगळीच मुलं कम्युनियन घेणार नसतात. काहींचं वय झालेलं नसतं, काही कॅथलिक नसतात. जिथे तशी पद्धत आहे तिथे ही मुलं छातीवर हात दुमडून आशीर्वादासाठी रांगेत येतात. त्यांना वेगळ्या बाकांवर बसवणं चूक आहे. मिसळून बसवा आणि काय करायचं ते आदल्या दिवशी दाखवा. म्हणजे ऐन वेळी कोणी गोंधळत नाही आणि कोणाकडे माना वळत नाहीत.

इतर धर्मांच्या मुलांचा प्रश्न वर्गातही येतो. व्हॅटिकनच्या 1988 च्या दस्तऐवजाने यात एक उपयोगी फरक केला आहे. धर्माची माहिती देणं वेगळं आणि श्रद्धेत वाढवणं वेगळं. पहिलं शाळेत सगळ्यांसाठी होऊ शकतं, दुसऱ्यासाठी मुळात श्रद्धा असावी लागते. शिक्षकाच्या तोंडी हा फरक एका शब्दाने येतो. ‘कॅथलिक लोक असं मानतात’ म्हटलं की वर्गातलं प्रत्येक मूल त्यावर प्रश्न विचारू शकतं, उत्तर लिहू शकतं. सरसकट ‘आपण असं मानतो’ म्हटलं की काही मुलं मुकाट बाहेर पडतात, जागेवर बसूनच.

पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सात, हे पोप दहावे पायस यांनी 1910 साली ठरवलं. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत, कधी त्याहून जास्त थांबावं लागायचं. आजही पहिल्या कम्युनियनआधी पापनिवेदन होतं, म्हणजे मूल आपल्या चुका फादरांना सांगून क्षमा मागतं, आणि त्याचीच मुलांना धास्ती असते. ती घालवायची तर मुलांना रिकाम्या चर्चमध्ये न्या, कुठे बसायचं ते दाखवा, फादर काय म्हणतील आणि आपण काय म्हणायचं ते एकदा म्हणवून घ्या. दुसरी अडचण मोठ्यांची. कपडे आणि फोटो यांच्या गडबडीत तयारी मागे पडते. काही ठिकाणी सगळ्या मुलांना एकसारखे साधे पांढरे झगे त्या दिवसापुरते देतात, नंतर धुऊन पुढच्या तुकडीसाठी ठेवतात. कोणाच्या घरची ऐपत त्यात दिसत नाही. आमच्या मते ही पद्धत सगळीकडे यावी. आणि पालकांना तयारीच्या बैठकींना बोलवाच. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील आहेत, असं जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट म्हटलं आहे.

पापनिवेदनात शिकवलेलं मैदानावरही चाललं पाहिजे. भांडण झालं की ‘सॉरी म्हण’ असं दटावलं जातं. मूल भिंतीकडे बघून सॉरी म्हणतं आणि प्रकरण दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटतं. त्याऐवजी दोघांना आळीपाळीने तीन प्रश्न विचारा: काय झालं, कोणाला लागलं, आता ते भरून कसं काढणार? फाटलेली वही चिकटवून द्यायला दहा मिनिटं लागतात, ती लागू द्या. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई, हाच क्रम पापनिवेदनाच्या संस्कारात आहे.

ऑक्टोबरमध्ये जिवंत जपमाळ, म्हणजे एकेक मूल एकेक मणी होऊन म्हणायची रोझरी, करायची तर हिशोब आधी मांडा. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, माळेत 59 मणी: 53 ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे, 6 प्रभूच्या प्रार्थनेचे. क्रूस धरणारं एक धरून साठ मुलं. गोलात 54, लोंबत्या भागात 5 आणि टोकाला क्रूस. जमिनीवर आधी खडूने खुणा करा, नाहीतर गोल अंड्यासारखा होतो आणि शेवटची दोन मुलं कुठे उभी राहणार कळत नाही. पूर्ण माळेला वीस मिनिटं सहज लागतात. माइक हातोहात फिरवला तर तीस. म्हणून माइक दोन ठेवा, समोरासमोर. अगदी लहान मुलांना पहिल्या दशकात घ्या; आपलं म्हणून झालं की ती बसली तरी चालेल. साठ मुलं नसतील तर प्रत्येकाला दोन मणी. असतील तर उरलेली मुलं ‘पवित्र मरिये’ हा नमो मरियाचा उत्तरार्ध म्हणतात, आणि तो आवाज मोठा यावा लागतो, नाहीतर प्रार्थना अर्धीच राहते.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, चक्राला चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी; दर आठवड्याला एक वाढवत लावायच्या. या चक्राची सुरुवात 1839 साली हॅम्बुर्गच्या एका प्रोटेस्टंट बालगृहात मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून झाली, हे मुलांना जरूर सांगा. पहिली मेणबत्ती सगळे आठवडे जळते, तेव्हा ती जाड घ्या. चौथा आठवडा कधी पूर्ण सात दिवसांचा असतो, तर कधी नाताळ सोमवारी आला की एकाच दिवसाचा. शाळेला तेव्हा सुट्टी असेल तर चौथी मेणबत्ती घरी लावायची चिठ्ठी आधीच पाठवा.

ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्या दिवशी कपाळावर लावायची राख शाळेत करायची असेल तर गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. मोठ्या माणसाने त्या उघड्यावर, लोखंडी भांड्यात जाळाव्यात आणि राख बारीक चाळणीतून चाळावी. राख पाण्यात कालवू नका. ओली राख क्षारी होते आणि लहान मुलांच्या कपाळावर चुरचुरते.

उपवासकाळात गरजूंसाठी वस्तू जमवताना आधी घेणाऱ्या संस्थेला विचारा, काय हवंय आणि काय पुरे झालंय. मग मुलांनी वस्तूंवरच्या तारखा तपासाव्यात, वजन करावं, आलेख काढावा. गणिताचा तास सत्कारणी लागतो. पण कोणत्या वर्गाने किती आणलं याचा फलक लावू नका. ज्याच्या घरून काहीच येऊ शकलं नाही, त्याला तो फलक रोज वाचावा लागतो. त्या मुलाला वजनकाट्यापाशी उभं करा.

शेवटी हे सगळं एका वहीवर चालतं. डावीकडे शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव, वर महिने आणि चौकटीत केलेलं काम: वाचन, घंटा, अर्पण, मेणबत्ती, पायरी उचलून ठेवणं. ही वही भरली नाही तर तीच दहा-बारा धीट मुलं प्रत्येक वेळी पुढे येतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. महिनाअखेरीस वही उघडा, ज्या नावापुढची ओळ कोरी आहे ते नाव शोधा, आणि सोमवारी उतारा त्याच मुलाच्या हातात द्या.

नमस्कार.