नकार आणि मौन : लिनक्सवरील दूरस्थ डेस्कटॉप व फायरवॉल

कोथरूडच्या घरातून हिंजवडीच्या कार्यालयातील लिनक्स संगणकाचा डेस्कटॉप उघडत नाही, अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) बंद करण्याकडे जातो. ही सवय मला घातक वाटते; कारण त्याने जोडणी झाली तरी नेमके काय अडत होते हे कळत नाही आणि बंद केलेली फायरवॉल बहुधा तशीच राहून जाते. त्यापेक्षा जोडणी कोणत्या रीतीने फसते हे पाहावे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' हा संदेश लगेच आला, तर पॅकेट (जाळ्यावरून जाणारा माहितीचा तुकडा) बहुधा संगणकापर्यंत पोहोचले आहे, पण त्या पोर्टवर (सेवेच्या क्रमांकित दारावर) ऐकणारे कोणी नाही. अशा वेळी फायरवॉलचे नियम चाळत बसू नये. त्या संगणकावर 'एसएस' ही उघडी पोर्ट दाखवणारी आज्ञा चालवून एक्सआरडीपी ही दूरस्थ डेस्कटॉपची सेवा ३३८९ या पोर्टवर ऐकत आहे का, की केवळ १२७.०.०.१ या, त्याच संगणकापुरत्या अंतर्गत पत्त्यावरच ऐकत आहे, हे तपासावे. व्हीएनसी या दूरस्थ डेस्कटॉपच्या दुसऱ्या पद्धतीसाठी ५९०० मध्ये डिस्प्लेचा क्रमांक मिळवावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

याउलट बराच वेळ काहीच न घडता 'टाइम्ड आउट' आले, तर पॅकेट वाटेत कोणीतरी गिळले आहे. यूएफडब्ल्यू ही लिनक्सवरची एक फायरवॉल नको असलेली पॅकेट मुकाट्याने टाकून देते. फायरवॉलडी ही दुसरी फायरवॉल मात्र सहसा नकार कळवते आणि तो नकार आपल्याकडे 'नो रूट टू होस्ट' या रूपात दिसतो. तो वाचून भले भले राउटरच्या मागे लागतात, वास्तविक मार्ग शाबूत असतो. याच फायरवॉलडीत 'पर्मनंट' म्हणून घातलेला नियम 'रीलोड' केल्याशिवाय लागू होत नाही.

मौन नेमके कोणाचे, हे ठरवायला त्या संगणकावर चालवलेले 'टीसीपीडम्प' हे पॅकेट टिपणारे साधन कामी येते, कारण येणारे पॅकेट स्थानिक फायरवॉलने अडवण्यापूर्वीच ते त्याला दिसते. सिन, म्हणजे जोडणी मागणारे पहिले पॅकेट दिसले आणि उत्तर गेले नाही, तर अडथळा बहुधा त्याच संगणकावर आहे. दिसलेच नाही, तर तो वाटेत, त्या संगणकाच्या अलीकडे कुठेतरी आहे. घरचा संगणक बाहेरून उघडायचा असेल, तर राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला आहे का तेही पाहावे. तसे असल्यास सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि आपल्या राउटरवरचे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवणे) व्यर्थ ठरते.

लॉगिन झाल्यावर पडदा काळाच राहिला, तर फायरवॉलला दोष देऊ नये. तोच वापरकर्ता समोरच्या पडद्यावर आधीपासून लॉगिन असतो, हे त्याचे नेहमीचे कारण.

कारण सापडले तरी ३३८९ थेट इंटरनेटवर उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एसएसएच या कूटबद्ध दूरस्थ जोडणीच्या बोगद्यातून आपल्याकडील ३३९० हे पोर्ट तिकडच्या ३३८९ ला जोडावे आणि एक्सआरडीपीला मुद्दाम अंतर्गत पत्त्यावरच ऐकू द्यावे. मघाशी जो दोष होता, तोच येथे बंदोबस्त ठरतो, आणि फायरवॉलमध्ये एसएसएचपुरतेच दार उघडावे लागते.