बॅगेचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नाशिकच्या मेन रोडला बॅग घ्यायला गेलं की आपण काय बघतो? रंग बघतो, कप्पे मोजतो, चेन दोनदा उघडून-मिटून बघतो. पट्टा मात्र कुणी ओढून बघत नाही. तो कळतो चार दिवसांनी, खांदा भरून आला की. आज मला फक्त या पट्ट्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी आधी माझ्या मावशीची हकिगत सांगते.

मावशी शाळेत शिकवायची. नोकरीची सगळी वर्षं तिच्या खांद्याला शबनम. त्या पिशवीचा पट्टा चांगला चार बोटं रुंद, पिशवीच्याच कापडाचा. आत वह्यांचे गठ्ठे असायचे, पण खांदा दुखतो म्हणून तिनं कधी तक्रार केली नाही. निवृत्त झाल्यावर मुलीनं हौसेनं तिला नवी बॅग घेतली. छोटीशी, मरून रंगाची, सोनेरी साखळीचा पट्टा. मावशी ती एका खांद्याला अडकवायची, तेव्हा मीच तिला म्हटलं, "मावशी, तिरकी घाल गं. कुणी ओढली तरी जायची नाही." हे मी सांगितलं होतं, श्रोतेहो. म्हणून तर ही गोष्ट मला विसरता येत नाही.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला गंगापूर रोडच्या एका आतल्या रस्त्यानं ती भाजी घेऊन येत होती. एका हातात मेथीची जुडी आणि वाटाण्याच्या शेंगांची पिशवी. फूटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हणून ती रस्त्याच्या कडेनं चालत होती. (फूटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो. तिथं गाडी लावून आपण कुणाच्या तरी आईला रस्त्यावर उतरवतो, एवढं तरी लक्षात ठेवा.) मागून मोटरसायकल आली. दोघं होते. मागच्यानं हात घातला आणि बॅग ओढली.

बॅग सुटली नाही. साखळी गळ्यातून तिरकी होती, ती सुटणार कशी? मावशी खाली पडली आणि गाडीबरोबर चार-पाच पावलं फरफटत गेली. मग बॅगेच्या दोन्ही बाजूंच्या कड्या रेक्झिन फाडून निघाल्या आणि बॅग त्यांच्या हाती गेली. साखळी मावशीच्या गळ्यातच राहिली. रस्त्यावर शेंगा सांडलेल्या. समोरचा दूधवाला धावत आला, त्यानं तिला उठवून बाकावर बसवलं.

मी पोहोचले तेव्हा कोपराला टाके पडले होते. पण मला आठवतो तो मानेवरचा वळ. काळानिळा, आणि साखळीची एकेक कडी मोजता यावी असा उमटलेला. बॅगेत काय होतं? चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, घराची किल्ली, फोन आणि तीनेकशे रुपये. मावशी मला म्हणाली, "अगं, मी बॅग धरलीच नव्हती. बॅगेनं मला धरून ठेवलं होतं."

महिन्याभरानं आम्ही दुसरी साधी बॅग घेतली आणि शालिमारजवळ बॅगा-चपला शिवणाऱ्या एका काकांकडे गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बॅगेचा मूळचा पट्टा काढून बाजूला ठेवला. दीड इंच रुंदीची सुती निवारपट्टी घेतली. टोक दुमडून आधी चौकोन शिवला, मग चौकोनाच्या आत फुली मारली. म्हणाले, "ताई, नुसती सरळ टीप एका धाग्यावर जाते. फुली असली की ओढ चारही बाजूंना वाटली जाते." मग मावशीला उभं करून बक्कल सरकवत राहिले, बॅग कमरेच्या हाडाशी येऊन तिचा हात सहज बॅगेवर टेकेपर्यंत. शेवटी एका टोकाला अंगठ्यानं दाबून उघडणारा हूक लावला आणि तिच्याकडून दहा वेळा उघडून घेतला. एकशेवीस रुपये झाले.

त्या दिवशी मला जे कळलं, ते तुम्हाला सांगते. गर्दीत पट्टा तिरका, मोकळ्या रस्त्यावर एका खांद्यावर. पुन्हा सांगते, गर्दीत तिरका, मोकळ्या रस्त्यावर एका खांद्यावर.

गर्दी म्हणजे सीबीएसला बसमध्ये चढताना, रविवार कारंजावर सणाच्या खरेदीत, रामकुंडावर पर्वणीला. २०१५ चा सिंहस्थ आपण पाहिलाय, पुढच्याही सिंहस्थाला घराघरात पाहुणे येणार. तिथं चोर हळूच चेन उघडतो नाहीतर पट्टा कापतो. म्हणून पट्टा तिरका, बॅग पोटावर, चेनचं टोक आपल्या हाताकडे. मोकळ्या रस्त्यावर भीती असते ती वेगात येणाऱ्या गाडीची. तिथं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चाला आणि बॅग भिंतीकडच्या खांद्यावर, काखेत धरून ठेवा. आणि तरीही कुणी ओढलीच, तर सोडून द्या. खरंच सोडून द्या. पैसे, फोन, चष्मा, सगळं पुन्हा येतं. मग ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा हिसकावण्याला कलम ३०४ हे स्वतंत्र कलम आहे, तेव्हा 'किरकोळ आहे' म्हणून तक्रार टाळू नका.

आता खांद्याचं. हंडा डोक्यावर घेताना बायका चुंबळ का घेतात? ओझं तेवढंच असतं, पण ते जास्त जागेवर पसरतं. पट्ट्याचंही तसंच. अर्ध्या इंचाच्या पट्ट्याऐवजी दीड इंचाचा घेतला, तर खांद्याच्या तेवढ्याच जागेवरचा दाब साधारण एक तृतीयांश होतो. साखळी सगळ्यात वाईट, ती रुततेही आणि भरजरी साडीचे धागेही ओढते. हौस असेल तर येवल्याच्या जुन्या पैठणीचा काठ रुंद पट्ट्यावर शिवून घ्या, मात्र आतून जाड कॅनव्हास हवा. नुसत्या रेशमावर ओझं पेलत नाही.

आणि ओझं किती? पुढच्या वेळी दळण आणायला जाल तेव्हा गिरणीच्या काट्यावर बॅगही ठेवून बघा. लिटरभर पाण्याचंच वजन एक किलो, वर बाटलीचं वेगळं. खांदा अधूनमधून बदला, बॅग कमरेखाली लोंबू देऊ नका. आणि माझी शिंपीकाकांना मनापासून विनंती आहे, पंजाबी ड्रेसला खिसा शिवत जा. किल्ली आणि फोन खिशात राहिले, तर निम्मी बॅग हलकी होईल, आणि बॅग गेली तरी बाई रात्री स्वतःच्या घरात शिरू शकेल.

स्कूटरवर जाणाऱ्या मुलींनो, बॅग डिकीत ठेवा, पट्ट्यासकट. बाहेर राहिलेला पट्टा चाकात जाऊ शकतो. मागे बसत असाल तर बॅग दोघींच्या मध्ये.

मावशी अजून त्याच रस्त्यानं भाजीला जाते. बाजारात बॅग तिरकी असते. तिथून निघाली की थांबते, पिशवी खाली ठेवते, पट्टा डोक्यावरून काढून भिंतीकडच्या खांद्याला लावते आणि मग चालायला लागते. किल्ली कमरेला खोचलेली असते.

नमस्कार.