बोस्टनचे ‘मीडियाट्रिशियन’

अमेरिकेत, बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. मायकेल रिच. लहान मुलांचा डॉक्टर म्हणजे पीडियाट्रिशियन. रिच स्वतःला ‘मीडियाट्रिशियन’ म्हणवतात. नाव गमतीचं वाटेल, पण या गृहस्थांनी आधी बारा वर्षं सिनेमात काढली आहेत. जपानमध्ये नामवंत दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘कागेमुशा’ या सिनेमाचे ते सहायक दिग्दर्शक होते. मग माणसं एका धंद्यात बस्तान बसवतात त्या वयात हे हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात जाऊन बसले. 1991 साली डॉक्टर झाले.

सिनेमा सुटला. बघायची सवय काही सुटली नाही.

नव्वदच्या दशकात तिथली पोरं म्युझिक व्हिडिओंना चिकटलेली असायची आणि मोठी माणसं त्यावरून कुरकुरायची. रिच आणि त्यांचे सहकारी सरळ मोजायला बसले. चार वाहिन्या, 518 व्हिडिओ. गाणं लावायचं आणि टिपायचं: कोणी मारलं, कोणाला मारलं, मारणारा कोण. 76 व्हिडिओंत उघड मारामारी निघाली. म्हणजे बहुतेकांत ती नव्हतीच, हेही सांगायला हवं. पण जिथे होती तिथे शंभरातल्या ऐंशीहून जास्त वेळा मारणारा खलनायक नव्हता. तो देखणा होता, पोरांना ज्याच्यासारखं व्हावंसं वाटेल असा. 1998 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. पडद्यावर हिरो कसा उभा करतात हे आतून पाहिलेल्या माणसाच्याच नजरेला ही गोष्ट खटकणार.

आम्हाला मात्र त्यांचं दुसरं एक काम जास्त भावलं.

दम्याची मुलं. औषधं चालू, तरी धाप थांबत नाही. तपासणीच्या खोलीत ठरलेले प्रश्न. घरात कोणी सिगारेट ओढतं का? पंप नीट घेतोस ना? मूल आईकडे बघतं आणि मान हलवतं. रिच यांनी या मुलांच्या हातात कॅमकॉर्डर दिला. तुझं घर दाखव, तुझा दिवस दाखव, मनात येईल ते बोल. टेप परत आल्या. त्यात सिगारेटचा धूर होता, दमा चाळवणाऱ्या आणखी कितीतरी गोष्टी होत्या, ज्यांचा केसपेपरवर पत्ताच नव्हता. सगळे खोटं बोलत होते असं नाही. रोजचं घर रोज राहणाऱ्याला दिसत नाही, एवढंच.

2002 मध्ये याच हॉस्पिटलात त्यांनी मुलांचं आरोग्य आणि माध्यमं यांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. पुढे टीव्हीच्या जागी मोबाइल आला. पालकांचा प्रश्न तोच: किती तास? रिच यांना हा प्रश्नच अपुरा वाटतो. माध्यमं हवापाण्यासारखी सगळीकडे आहेत. तेव्हा ताटात किती वाढलंय याच्याआधी काय वाढलंय ते बघा, असा त्यांचा सूर.

त्यांच्या क्लिनिकमध्ये रात्र-रात्र गेम खेळणारी मुलं येतात. ‘व्यसन’ हा शब्द ते टाळतात. दारू कायमची सोडता येते, स्क्रीन नाही. शाळेचा अभ्याससुद्धा त्यावरच असतो. म्हणून ते तुलना करतात ती खा-खा सुटणाऱ्या आजाराशी. जेवण कसं बंद करणार? मुलाला नीट तपासलं, की गेमच्या तळाशी बरेचदा आधीचंच काही तरी सापडतं: एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास), चारचौघांत बोलायची धास्ती, नैराश्य. उपचार तिथून सुरू होतात. फोनची पाळी नंतर येते.