सांडपाणी शुद्ध होते, मग वापरले का जात नाही?

श्रोतेहो, नमस्कार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार आपल्या देशातील शहरांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यांपैकी २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रक्रिया होते. म्हणजे साधारण साडेतीन लिटरांमागे एक लिटर. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. म्हणजे जी यंत्रे उभी आहेत, तीही पुरती चालत नाहीत.

असे असताना, शुद्ध केलेले पाणी वापरात का येत नाही, असे विचारले की एक ठरावीक उत्तर मिळते: लोकांची मानसिकता बदलली पाहिजे. हे उत्तर मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी पुण्याच्या वेशीवरील एका मोठ्या गृहसंकुलात घडलेला प्रसंग सांगतो.

या संकुलाचे स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते आणि त्यातील पाणी वेगळ्या नळवाहिनीने प्रत्येक घराच्या फ्लशपर्यंत पोहोचत होते. मात्र फ्लशचे बटण दाबले की कुजक्या अंड्यांसारखा वास येई. रहिवाशांनी तक्रारी करून ती वाहिनी बंद करायला लावली आणि फ्लशसाठीसुद्धा टँकरचे पाणी येऊ लागले. समितीने मला व्याख्यानासाठी बोलावले. ‘लोकांना किळस वाटते, तुम्ही त्यांना समजावून सांगा,’ असे अध्यक्षांचे म्हणणे होते.

मी बोलायला उभा राहण्याआधीच पुढच्या रांगेतील एक आजी म्हणाल्या, “अहो, किळस कसली? आमच्या मोरीचं पाणी परसातल्या केळीला आणि अळवाला जायचं, आणि त्याच अळवाचं फदफदं आम्ही खायचो. मला पाणी नको असं नाही, मला वास नको.” सभा एकदम शांत झाली. मग कोणीतरी केंद्र चालवणाऱ्या मुलाला बोलावून आणले. तो लातूरकडचा तरुण दाराशीच उभा राहून खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर बंद ठेवायला सांगितलंय. लाइटबिल जास्त येतं म्हणून.”

ब्लोअर म्हणजे टाकीत सतत हवा सोडणारे यंत्र. सांडपाण्यातील घाण खाण्याचे काम जिवाणू करतात, आणि त्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. हवा काही तास बंद राहिली की ते कमजोर होतात, प्राणवायूविना जगणारे दुसरे जिवाणू जोर धरतात आणि त्यांच्यामुळे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आजींना येणारा वास तोच होता. पुन्हा सांगतो: हवा बंद, म्हणून वास, आणि वास, म्हणून विरोध.

त्या रात्रीपासून ब्लोअर चालू ठेवण्याचे ठरले. टाकी सावरायला काही आठवडे लागतात, तेवढे ते लागले. पुढच्या सभेत त्या तरुणाने काचेचे एक लिटरचे उभे मापपात्र हवेच्या टाकीतील पाण्याने भरून टेबलावर ठेवले. ते पाणी चहाच्या रंगाचे, गढूळ होते. पार्किंगचा विषय निघाला, वाद झाला, आणि अर्ध्या तासात पात्रातील तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी उरले. आजींनी उठून वास घेतला, शेजारणीलाही घ्यायला लावला आणि म्हणाल्या, “आता सोडा.” ती वाहिनी आजही चालू आहे, रोजची नोंद लिफ्टजवळच्या फलकावर लागते, आणि टँकरवर जाणाऱ्या पैशांपुढे ब्लोअरचे वीजबिल किरकोळ ठरले आहे.

नितळ पाणी पिण्याजोगे असते, असा मात्र याचा अर्थ नाही. फ्लशसाठी वापरायलाही त्याला पुढे गाळणी आणि क्लोरीन लागते, आणि त्याची वाहिनी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला कोठेही जोडली जाता कामा नये. कोठेही नाही.

दुसरी अडचण दराची आहे. धरणाचे पाणी नाममात्र दराने मिळत असेल, तर शुद्ध केलेले पाणी पैसे मोजून कोण घेईल? पिण्याचे पाणी विलायती हिरवळीवर शिंपडण्याची मुभा ज्या शहरांत आहे, तेथे पाण्याचा दर फार कमी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या हवेला कडुनिंब आणि कण्हेर पुरेसे शोभतात. नागपूरने या बाबतीत मार्ग दाखवला. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, वीजनिर्मिती कंपनी त्याचे पैसे महापालिकेला देते, आणि पेंच धरणाचे तेवढे पाणी पिण्यासाठी मोकळे राहते. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. खात्रीचा ग्राहक मिळाला की महापालिकेलाही यंत्र चालू ठेवावेच लागते.

शेतीचेही तेच आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, पुणे शहराचे वापरलेले पाणी बेबी कालव्याद्वारे हवेली आणि दौंडच्या शेतांकडे जाते. तेथील शेतकऱ्याला पाणी हवेच आहे. ते नीट शुद्ध करून सोडा, एवढीच त्याची मागणी आहे, आणि ती आजींच्या मागणीहून वेगळी नाही.

म्हणूनच नमामि गंगे योजनेत वापरलेली देयकाची पद्धत मला मोलाची वाटते. तीत कंत्राटदाराला भांडवली खर्चाचे ४० टक्के बांधकामाच्या काळात मिळतात, आणि उरलेले ६० टक्के पुढील १५ वर्षांत, केंद्र ठरलेल्या दर्जाचे पाणी देते की नाही ते पाहून. गृहसंकुलांनीही देखभालीच्या करारात हीच अट घालावी: महिन्याचे पैसे पाण्याच्या तपासणीचा अहवाल पाहूनच द्यावेत, आणि ब्लोअर किती तास चालला याची नोंद त्या अहवालाला जोडलेली असावी.