गुडघ्यात साचलेलं रक्त आणि न कातलेलं सूत

नमस्कार श्रोतेहो,

पोळ्याला बैलांमागं दिवसभर धावलेलं सहा वर्षांचं पोरगं. रात्री गुडघा टम्म फुगतो. पडलं नाही, लागलं नाही. घरचे म्हणतात वात आहे, अन् तेल लावून चोळायला बसतात. पण तो हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असू शकतो. आज मला त्या चोळणाऱ्या हातांशी बोलायचं आहे.

आपला मुलूख कापसाचा, म्हणून तसंच सांगतो. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. ते म्हणजे पेळू समजा. जखम झाली की थ्रॉम्बिन त्याचं सूत कातते, आणि त्या सुताच्या जाळीनं प्लेटलेटचा, म्हणजे रक्तातल्या बारीक कणांचा बोळा जखमेवर पक्का बसतो. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना घटक म्हणतात, अन् त्यांना नंबर दिलेत. थ्रॉम्बिन तयार व्हायला दहावा घटक जागा व्हावा लागतो. त्याला जागवतो नववा. पण एकटा नववा फार संथ. आठवा सोबतीला असला की तेच काम हजारो पटींनी वेगात होतं. या जोडीतला आठवा कमी पडला तर हिमोफिलिया ए, नववा कमी पडला तर बी. निरोगी माणसाच्या तुलनेत हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली गेलं की आजार तीव्र.

खरचटलेलं मात्र बोळ्यानंच थांबतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. सांध्यात रक्त गोठण्याची सुरुवात करून देणारा टिश्यू फॅक्टर मुळातच कमी. तिथं सारी मदार आठव्या-नवव्यावर. म्हणून रक्त गुडघ्यात साचतं.

या दोन्ही घटकांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, आणि मुलाला एक्स मिळतो आईकडून. एवढं ऐकून सुनेला बोल लावणारी घरं मी पाहिली आहेत. मला त्याचा राग येतो. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात हा आजार आधी कोणालाच नसतो. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये जवळपास निम्म्या वेळा आठव्याच्या जनुकाचा मोठा तुकडा उलटा बसलेला असतो, आणि ही उलथापालथ बहुतेकदा पुरुषाच्या बीजपेशीत होते. म्हणजे पुष्कळदा त्या आईच्या वडिलांकडे. आता बोल कोणाला लावणार?

तर चोळू नका, शेकू नका. पाय हलवू देऊ नका, फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवा. ॲस्पिरिन नको, कमरेत स्नायूत टोचायची सुई नको. त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठा. तिथं शिरेतून फॅक्टर, म्हणजे कमी पडलेला घटक देतात. आठव्याचं निम्मं बळ साधारण १२ तासांत ओसरतं, त्यामुळं पुन्हा सुई लागू शकते. सूज उतरली म्हणून डॉक्टरांना न विचारता गावाकडची एसटी धरू नका.